प्रेक्षकांची नजर आणि खेळाडू मुलीचे शरीर

बास्केटबॉलचा सामना पाहायला बसलेला प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांतच खेळाडूंची वैद्यकीय तपासणी उरकून टाकतो. ‘हिचं वजन वाढलंय’, ‘हिला दमच नाही’, ‘दुखापतीचं नाटक करते’, ‘मूल झाल्यापासून हिच्यात काही राहिलं नाही’ अशी निदाने जागच्या जागी होतात. पुरुष खेळाडू चुकला तर बोलणे बहुधा त्याच्या चुकलेल्या फेकीवर होते. स्त्री खेळाडू चुकली की ते लवकरच तिच्या शरीरावर घसरते.

अमेरिकेत स्त्रियांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग (डब्ल्यूएनबीए) १९९७ साली सुरू झाली. तेव्हापासून तिथल्या नामवंत खेळाडूंनी असले शेरे भरपूर ऐकले. त्या खेळाडूंच्या बाबतीत पुढे काय घडले हे सर्वांसमोर आहे, म्हणून या लेखात उदाहरणे तिथली घेऊ. शरीराचे नियम मात्र तिथल्या खेळाडूला आणि आपल्या शाळेच्या मैदानावरच्या मुलीला सारखेच लागू आहेत.

समज जुनाच

बास्केटबॉलचा शोध डिसेंबर १८९१ मध्ये लागला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ महाविद्यालयात तो मुलींना शिकवला. त्या काळच्या समजुतीनुसार मुलींना धाप लागू नये म्हणून मैदानाचे तीन भाग केले होते, आणि आपला भाग ओलांडून पळायला मुलींना बंदी होती. असे अर्धे मैदान वापरण्याचे नियम पुढे अनेक दशके टिकले. अमेरिकेच्या महाविद्यालयांत मुली पूर्ण मैदानावर खेळू लागल्या त्या १९७१ पासून. आयोवा राज्यातील शाळांत तर जुना प्रकार १९९३ पर्यंत चालू होता. मुली पूर्ण मैदानावर पळू लागल्या, तेव्हा त्यांच्या प्रकृतीवर ओढवेल म्हणून सांगितलेले संकट काही आले नाही. अपुरी होती ती आपली माहिती. आजच्या शेऱ्यांचीही तीच गत आहे. एकेक शेरा घेऊन पाहू.

‘हिचं वजन वाढलंय’

डोळ्यांना आकार दिसतो, ताकद दिसत नाही. स्नायू चरबीपेक्षा घट्ट आणि जड असतो. त्यामुळे व्यायामाने वजन वाढूनही खेळाडू अधिक चपळ झालेली असू शकते. बास्केटखाली उभे राहून धक्के सोसत चेंडू मिळवणाऱ्या खेळाडूला भरीव शरीर लागतेच. लांबून फेक करणाऱ्या सडपातळ मुलीशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट निसर्गाची आहे. शरीराचे व्यवहार नीट चालण्यासाठी जी किमान चरबी लागते, ती पुरुषात वजनाच्या सुमारे ३ टक्के, तर स्त्रीत सुमारे १२ टक्के असते. स्त्रीच्या शरीरातील हार्मोन आणि मासिक पाळी यांच्याशी तिचा संबंध आहे. तेव्हा पुरुष खेळाडूसारखे ‘कोरलेले’ शरीर मुलीकडून मागणे म्हणजे तिच्या आरोग्यातून काही कापून मागणे होय.

वजनाच्या शेऱ्याने होणारे नुकसान खरे आहे. मुलगी जेवण कमी करते, सराव मात्र तेवढाच ठेवते. खर्चाएवढी ऊर्जा मिळाली नाही की शरीर काटकसर सुरू करते आणि पहिली कात्री पाळीवर चालते. पाळी लांबते, मग थांबते. त्याबरोबर इस्ट्रोजेन हे हार्मोन घटते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. मग साध्या सरावात पायाच्या हाडाला बारीक चीर जाते. अपुरा आहार, थांबलेली पाळी आणि कमजोर हाडे या त्रिकुटाकडे अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या संस्थेने १९९२ पासून लक्ष वेधले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ही व्याख्या रुंदावली आणि ऊर्जेच्या तुटीचा परिणाम हृदय, प्रतिकारशक्ती व मनावरही होतो हे मांडले. हाडांची मुख्य भरणी किशोरवयात आणि ऐन तारुण्यात होते. त्या वयात झालेली तूट पुढे पूर्णपणे भरून काढणे अवघड असते.

‘खेळणाऱ्या मुलींची पाळी थांबतेच, त्यात काय’ असे काही घरांत आणि काही प्रशिक्षकांकडूनही ऐकायला मिळते. हे चूक आहे. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

‘हिला दमच नाही’

केटलिन क्लार्क हिचे उदाहरण बोलके आहे. तिचा आयोवा विद्यापीठाचा हंगाम ७ एप्रिल २०२४ रोजी अंतिम सामन्याने संपला. १४ मे रोजी ती इंडियाना संघातून पहिला व्यावसायिक सामना खेळत होती. त्या सामन्यात तिने २० गुण केले, पण दहा वेळा चेंडू गमावला. संघाने पहिल्या नऊपैकी आठ सामने हरले. ‘अंगात ताकद नाही’, ‘मोठ्या बायकांसमोर टिकणार नाही’ असे शेरे लगेच सुरू झाले. पुढे ऑलिंपिकसाठी लीगला महिनाभर सुट्टी मिळाली. क्लार्कची ऑलिंपिक संघात निवड झाली नव्हती, त्यामुळे तिला विश्रांती मिळाली. परतल्यावर तिचा खेळ बहरला, संघाने ४० पैकी २० सामने जिंकून हंगाम संपवला आणि ती वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरली. २०२५ मध्ये मात्र मांडीच्या आणि जांघेच्या स्नायूंच्या दुखापतींमुळे तिला १३ सामनेच खेळता आले. ‘दम नाही’ म्हणणाऱ्यांनी हे सारे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे. थकलेला स्नायू आळशी नसतो, त्याला भरून यायला वेळ मिळालेला नसतो.

विश्रांतीची किंमत दाखवणारी आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या अनेक खेळाडू उन्हाळ्यात मायदेशी आणि हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीन अशा देशांत खेळत आल्या. त्यांना वर्षभर सुट्टीच नसे. डायना टॉरासी या विख्यात खेळाडूला तिच्या रशियन क्लबने २०१५ चा अमेरिकेतील हंगाम न खेळण्यासाठी, म्हणजे चक्क विश्रांतीसाठी पैसे दिले आणि ते तिच्या अमेरिकेतील पगारापेक्षा जास्त होते! २०१८ ची सर्वोत्तम खेळाडू ब्रिआना स्टुअर्ट हिची टाच आणि पोटरी यांना जोडणारी शीर एप्रिल २०१९ मध्ये युरोपातील अंतिम सामन्यात तुटली आणि तिचा अमेरिकेतील पूर्ण हंगाम बुडाला.

आपल्याकडे दम कमी पडण्याचे आणखी एक कारण मोठे आहे, ते म्हणजे रक्तक्षय. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो. मग मुलगी पहिल्या सत्रात चांगली पळते आणि शेवटच्या सत्रात उभी राहते. तिला ‘आळशी’ म्हणण्याआधी रक्ताची साधी तपासणी करणे शहाणपणाचे.

‘दुखापतीचं नाटक’

गुडघ्याच्या सांध्यात आतून एक मजबूत अस्थिबंध असतो. त्याला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात. उडी मारून उतरताना किंवा पळता पळता झटकन दिशा बदलताना तो तुटतो. बहुतेक वेळा कोणाचा धक्काही लागलेला नसतो, म्हणून प्रेक्षकाला वाटते, उगाच पडली. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींत या दुखापतीचे प्रमाण मुलांच्या सुमारे चौपट आढळले. कारणे अनेक आहेत. मुलींचे ओटीपोट रुंद असते, उतरताना गुडघे आत वळतात, मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या मानाने मागचे स्नायू कमी पडतात. यांतली पहिली गोष्ट बदलता येत नाही, पण पुढच्या दोन व्यायामाने सुधारतात.

अस्थिबंध तुटल्यावर शस्त्रक्रिया, मग नऊ महिने ते वर्षभर व्यायाम, तेव्हा कुठे मैदान दिसते. कनेटिकट विद्यापीठाच्या पेज ब्युकर्सचा हा अस्थिबंध ऑगस्ट २०२२ मध्ये तुटला. ‘आता ही पूर्वीसारखी होणे नाही’ असे म्हणणारे बरेच होते. तिने पूर्ण हंगाम बाहेर काढला, घाई केली नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी ती व्यावसायिक लीगमधील सर्वोत्तम नवोदित ठरली.

काही दुखणी तर दिसतच नाहीत. एलेना डेली डॉन २०१९ चा अंतिम फेरीचा टप्पा पाठीच्या मणक्यांतील सरकलेल्या चकत्या घेऊन खेळली आणि वॉशिंग्टन संघाला विजेतेपद मिळाले. तिला लाइम हा गोचिडीपासून होणारा जुनाट आजारही आहे. २०२० च्या कोरोना काळात तिने वैद्यकीय सवलत मागितली, ती नाकारली गेली. तेव्हा तिने आपण दिवसाला ६४ गोळ्या घेतो असे लिहून सांगितले. गॅलरीत बसून हे कोणाला दिसणार होते?

‘मूल झाल्यापासून संपली’

लीगच्या पहिल्याच वर्षी, २५ जून १९९७ रोजी, शेरिल स्वूप्स हिला मुलगा झाला. सहा आठवड्यांनी ती ह्यूस्टन संघातून मैदानात उतरली आणि संघ पहिला विजेता ठरला. पुढे २०००, २००२ आणि २००५ या तीन वर्षी ती लीगची सर्वोत्तम खेळाडू होती. कँडेस पार्कर हिला मे २००९ मध्ये मुलगी झाली, जुलैत ती परतली आणि २०१३ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरली. बाळंतपणाने खेळ संपत नाही याची ही रोकडी उदाहरणे आहेत.

मात्र सहा आठवड्यांत परतणे हा सर्वांसाठी नियम समजू नये. बाळंतपणानंतर ओटीपोटाचा तळ आणि पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला आहार अधिक लागतो. धावणे आणि उड्या साधारण तीन महिन्यांनंतर, तपासणी करून, हळूहळू सुरू कराव्यात असा आजचा सल्ला आहे. तिथल्या खेळाडूंना बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार मिळू लागला तो २०२० च्या करारापासून. त्याआधी लवकर परतण्यामागे केवळ हौस नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

मग टीका करायचीच नाही का?

जरूर करावी. खेळाडूला गोंजारणे म्हणजे तिचा मान राखणे नव्हे. पण टीका खेळावर करावी आणि त्यासाठी नीट पाहावे. खेळाडू किती मिनिटे खेळली? शेवटच्या सत्रात तिच्या फेकी आखूड पडू लागल्या का? प्रतिस्पर्ध्याने चेंडू मिळवल्यावर ती बचावासाठी मागे पळते का? किती वेळा चेंडू हातातून गेला? उडीनंतर दोन्ही पायांवर नीट उतरते का? तंदुरुस्ती या प्रश्नांच्या उत्तरांत दिसते, कमरेच्या घेरात नाही. ‘तिसऱ्या सत्रानंतर तू मागे पळत नव्हतीस’ या वाक्यातून मुलीला सुधारता येते. ‘जाडी झालीस’ या वाक्यातून ती फक्त ताट बाजूला सारते.

पालकांनी आणि शिक्षकांनी एवढे करावे

१. मुलीचे वजन सर्वांसमोर करू नये आणि मोठ्याने वाचून दाखवू नये. कारण असेल तर डॉक्टर एकांतात करतील.

२. सरावाच्या दिवशी एक जादा खाणे द्यावे. भाकरी किंवा पोळी, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे, दूध-दही, चालत असल्यास अंडे. हाडांसाठी नाचणी आणि तीळ उत्तम.

३. लोहासाठी पालेभाज्या, अळीव आणि कडधान्ये द्यावीत, वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा देऊ नये, त्याने लोह शोषले जात नाही.

४. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासावे. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि सांगितले तितके महिने घ्याव्यात.

५. आठवड्यातून दोन-तीनदा सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे उडी मारून हलके उतरण्याचा, एका पायावर तोल सांभाळण्याचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम करून घ्यावा. उतरताना गुडघे वाकलेले असावेत आणि पायाच्या बोटांच्या रेषेत राहावेत. अशा व्यायामाने गुडघ्याच्या दुखापती बऱ्याच कमी होतात.

६. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती आणि रोज आठ-नऊ तास झोप मिळावी.

७. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन सूज आली, हाडावर एकाच जागी दुखत राहिले, पाळी थांबली किंवा मुलगी जेवण टाळू लागली, तर ‘होईल बरं’ म्हणून थांबू नये.

आपल्या गावच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलीला गॅलरीतला प्रत्येक शब्द ऐकू जातो. तिथे बसणारे बहुतेक तिच्या ओळखीचेच असतात. म्हणून तिच्या फेकीवर खुशाल बोलावे, तिच्या ताटावर परिणाम होईल असे मात्र बोलू नये.