पाहुणा मोत्या

आमची आक्का सिन्नरजवळ मळ्यात राहते. ती आजारी पडली. तिला नाशिकच्या दवाखान्यात ठेवावे लागले. दाजीही तिच्यासोबत गेले. गाय शेजाऱ्यांनी सांभाळली. पण मोत्याचे काय करायचे?

मोत्या हा आक्काचा कुत्रा. वय आठ महिने. अंगाने मोठा, पण मनाने पोरच. दाजींनी त्याला आमच्या गावी, निफाड तालुक्यात, आणून सोडले. ते म्हणाले, "बारा दिवस सांभाळा. आक्काचा जीव आहे त्याच्यात."

आम्ही पूर्वी कधी कुत्रा पाळला नव्हता. तरी आम्हाला वाटले, यात काय अवघड आहे?

मोत्या आला तो थेट खाटेखाली शिरला. शेपूट पोटाशी, कान मागे, अंग थरथरत होते. भाकरीला तोंड लावीना. आळीतली पोरे गोळा झाली. कोणी "यू यू" करी, कोणी काठीने डिवची. शेवटी आम्हीच दोरी धरून त्याला ओढू लागलो. मोत्या गुरगुरला. आम्ही ऐकले नाही. तेव्हा त्याने दात लावला. हातातून रक्त आले.

एक जण म्हणाला, "चुना भरा." दुसरा म्हणाला, "मिरची लावा." पण आमच्या आईने कोणाचे ऐकले नाही. तिने साबण आणला आणि पंधरा मिनिटे पाणी ओतून जखम धुतली. मग आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो.

आम्ही म्हणालो, "डॉक्टरसाहेब, कुत्रा घरचाच आहे. त्याला लस टोचलेली आहे."

डॉक्टर म्हणाले, "तरी तुम्ही लस घ्या. पिसाळण्याच्या रोगाचे विषाणू लाळेत असतात. ते जखमेतून शिरतात आणि नसांवाटे मेंदूकडे जातात. रोग एकदा दिसू लागला, की माणूस बहुधा वाचत नाही. पण त्याआधी लस घेतली, तर रोग टळतो."

ही लस फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी शोधली. १८८५ साली त्यांनी चावा घेतलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाला ती टोचली. मुलगा वाचला. पूर्वी आपल्याकडे पोटात सुया घ्याव्या लागत. लोक त्याला भीत. आता लस दंडात टोचतात. आम्ही सांगितलेल्या तारखांना सगळ्या सुया घेतल्या. एकही चुकवली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुरांच्या डॉक्टरांना भेटलो. ते हसून म्हणाले, "कुत्रा वाईट नाही, तो भ्यालाय. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' असं सांगणं. तुम्ही ते ऐकलं नाही. नव्या सुनेला घर ओळखायला चार दिवस लागतात ना? मग या मुक्या जिवाला नकोत का?"

त्यांनी सांगितले तसे आम्ही केले. घरातला शांत कोपरा मोत्याला दिला. तिथे आक्काचे जुने लुगडे अंथरले. त्याला तिचा वास ओळखीचा होता. पोरांना तिकडे जाऊ दिले नाही. रोज ठरल्या वेळी भाकरी-दूध आणि पाणी ठेवले आणि बाजूला झालो. फिरायला नेताना दोरी कधी सोडली नाही. भ्यालेला कुत्रा पळाला, तर नव्या गावात वाट चुकतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. आपल्या जिल्ह्यात द्राक्षे आणि कांदा उदंड. पण कुत्र्याला दोन्ही घातक आहेत. द्राक्षे आणि बेदाणे यांनी त्याचे मूत्रपिंड बिघडू शकते. कांद्याने रक्त बिघडते. म्हणून कांदा घातलेले उरलेले कालवण त्याला घालू नये.

तिसऱ्या रात्री मोत्याने भाकरी खाल्ली. पाचव्या दिवशी तो उंबऱ्याशी येऊन बसला. सातव्या दिवशी गावात वरात आली. बँड वाजू लागला, तसा तो पुन्हा थरथरला. आम्ही दार लावून घेतले आणि रागावलो नाही. नुसते जवळ बसून राहिलो. थोड्या वेळाने त्याने आपणहून डोके आमच्या पायावर ठेवले. ज्या हाताला तो चावला होता, तोच हात आम्ही त्याच्या पाठीवरून फिरवला.

बाराव्या दिवशी आक्का बरी होऊन आली. मोत्याने उड्या मारल्या. आक्काने आमचा हात पाहिला. तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "मोत्यानं केलं हे?"

आम्ही म्हणालो, "आक्का, चूक त्याची नव्हती. तो सांगत होता. आम्हाला ऐकू येत नव्हतं."

लक्षात ठेवा
भ्यालेल्या कुत्र्याला ओढू नये, मारू नये, घेरू नये.
लहान मुलाला कुत्र्याजवळ एकटे सोडू नये.
कुत्रा चावला, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. जखमेत चुना, मिरची भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे.
पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घ्यावी.

प्रश्न
१. मोत्या खाटेखाली का शिरला?
२. आईने जखमेवर काय केले?
३. कुत्र्याला कोणते पदार्थ देऊ नयेत?
४. तुमच्या गावाजवळ ही लस कोठे मिळते? विचारून येथे लिहा.