आधी परतीची वाट विचार

नीटचा निकाल लागल्यापासून तुमच्या घरी किर्गिझस्तान, रशिया, जॉर्जिया यांचाच जप चाललाय म्हणे. काकी परवा मार्केटात भेटल्या, तर मेथीची पेंडी बघता बघता विचारतात, "ते जॉर्जिया अमेरिकेत काय गे?" अमेरिकेतही एक जॉर्जिया आहे, तेव्हा त्यांचं अगदीच चुकलं नाही. पण एजंट दाखवतोय तो काळ्या समुद्राकाठचा. घरात कुणी नकाशासुद्धा उघडलेला नाही आणि दोन गुंठे विकायची बोलणी सुरू झालीत, म्हणून लिहायला बसले. फोनवर पप्पा शेजारी असले की तुला मोकळं बोलता येत नाही, ते मला कळतंय.

तू म्हणालीस, "अक्का, मला मोठी स्पेशालिस्ट नाही व्हायचं. आपल्या गावात, कंग्राळीतच दवाखाना घालायचा." ऐकून बरं वाटलं मला. पण तसं असेल तर हिशेब शेवटाकडून मांड. तिकडं प्रवेश मिळतो का हा प्रश्नच नव्हे गे, प्रवेश ते देतातच. तिथली पदवी घेऊन कर्नाटक मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत तुझं नाव कधी आणि कसं चढणार, ते आधी विचार.

नॅशनल मेडिकल कमिशननं नोव्हेंबर २०२१ मध्ये याचे नवे नियम काढले. परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, तोही एकाच संस्थेत आणि इंग्रजीतून. त्यावर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. मग इथं येऊन परीक्षा, आणि पास झालीस की इथल्या हॉस्पिटलात पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. कुठंही अडखळली नाहीस तरी सात वर्षं गेली. आणखी एक अट एजंट हळूच गिळतात. त्या पदवीवर त्या देशात, तिथल्या नागरिकाच्या बरोबरीनं प्रॅक्टिस करता यायला हवी. केवळ परदेशी मुलांसाठी चालवलेला, तिथं ज्याला कुणी विचारत नाही असा कोर्स असेल तर त्या कागदाचा इथं उपयोग नाही. फिलिपिन्सला गेलेल्या कितीतरी मुलांची ५४ महिन्यांच्या अटीनंच पंचाईत झाली. तिथला मूळ एमडी चार वर्षांचा, म्हणजे ४८ महिन्यांचा. त्याआधीचं बीएस हिशेबात धरत नाहीत.

परीक्षेचं नाव एफएमजीई, ती जून आणि डिसेंबरला होते. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण, चुकलेल्या उत्तराला काही कापत नाहीत. ऐकायला किती सोपं ना? पण गेल्या काही वर्षांत बसलेल्यांपैकी साधारण चार-पाचांत एकच पास होतोय, आणि जून २०२३ ला तर दहांत एक. नापास होणारी मुलं काही ढ नसतात. त्यातली बरीचशी तुझ्यासारखीच, बारावीला नव्वद टक्के घेतलेली. त्यांचं अडतं दुसरीकडं.

लेक्चर इंग्रजीत होतं, पण वॉर्डातली बाई रशियन नाहीतर किर्गिझ बोलते. तिच्या पोटात कधीपासून दुखतंय, जेवल्यावर दुखतं की उपाशीपोटी, हे विचारायला तोंड उघडायचं तर तिची भाषा यायला हवी. जी मुलं पहिल्या वर्षापासून ती भाषा मनावर घेतात ती खरंच शिकून येतात, अशी मी पाहिलीत. बाकीची घोळक्यानं कॉटभोवती उभी राहतात आणि प्राध्यापक सांगेल ते वहीत उतरवतात. सहा वर्षांत पेशंटच्या पोटाला हात किती वेळा लावला, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

उलटी गंमत आपल्या बेळगावातच बघ की. केएलई आणि मलेशियाची युनिव्हर्सिटी साइन्स मलेशिया यांचा मिळून एक वैद्यकीय अभ्यासक्रम इथं २०१० पासून चाललाय. मलेशियाची मुलं समुद्र ओलांडून डॉक्टर व्हायला नेहरूनगरला येतात, म्हणजे तुमच्या घरापासून गाडीवर काही मिनिटांत. आपल्याकडच्या म्हाताऱ्याला "कधीपासून दुखतंय?" हे त्यांना मराठीत नाहीतर कन्नडात विचारायची तयारी करावी लागते. तेव्हा परदेशी शिकणं वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. शिकून कुठं परतायचंय हे त्या मुलांचं पक्कं आहे, एवढाच मुद्दा.

परदेशी पदवीचं हे त्रांगडं आजचंही नाही. रखमाबाईंचं बघ. त्या शिकल्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत, परवान्याची परीक्षा दिली स्कॉटलंडात, एम.डी. घेतली १८९४ ला ब्रुसेल्सहून आणि आयुष्यभर पेशंट पाहिले सुरत-राजकोटला. शिक्षण एकीकडं, परवाना दुसरीकडं, दवाखाना तिसरीकडं. आनंदीबाईंची तर पेनसिल्व्हेनियाहून १८८६ ला पदवी घेतल्यावर आपल्या शेजारच्या कोल्हापुरात अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती. क्षयानं गाठलं आणि १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. त्या काळी बाईला इथं दारं बंद होती, म्हणून जावं लागलं. तुला जावं लागतंय ते जागा कमी आणि खासगी कॉलेजची फी आवाक्याबाहेर म्हणून. कारण खरं आहे, मी नाकारत नाही.

आता तुझ्या गावातल्या दवाखान्याचं, म्हणजे 'घरच्या डॉक्टर'चं बोलू, कारण त्यावर घरात कुणीच बोलत नसणार. एमबीबीएस झाल्यावर आणि पूर्ण नोंदणी मिळाल्यावर दवाखाना घालता येतो; त्या जागेची कर्नाटकाच्या केपीएमई, म्हणजे खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. पण नुसत्या एमबीबीएसवर थांबू नकोस, असं माझं स्पष्ट मत. फॅमिली मेडिसिन हा आता स्वतंत्र विषय आहे. नीट पीजी देऊन नॅशनल बोर्डाचं तीन वर्षांचं डीएनबी करता येतं. बाळंतपण, लहान मुलं, मधुमेह, मानसिक दुखणी, म्हातारपण असं सगळं थोडंथोडं नाही, नीट शिकवतात. परदेशातून आलेल्यांनाही इथली इंटर्नशिप आणि नोंदणी झाली की नीट पीजी देता येते. "काहीच मिळालं नाही म्हणून जीपी" असं म्हणणारे तुला भेटतील, डॉक्टरांतच जास्त भेटतील. त्यांचं मनावर घेऊ नकोस.

हे काम कसलं असतं, एक सांगते. माझ्याकडं एक आजी यायच्या, बीपी काही केल्या खाली येईना. मोठ्या दवाखान्यात गोळ्या दोनदा वाढवून झाल्या होत्या. कमरेच्या पिशवीतनं त्यांनी पाकीट काढलं, तर एक गोळी रोजची संपलेली आणि दुसरीची पट्टी जवळपास भरलेली. "ही का घेत न्हाईसा आजी?" तर म्हणाल्या, ती घेतली की सारखं लघवीला लागतंय, सकाळी भाजीची बुट्टी घेऊन मार्केटात बसल्यावर मी जाऊ कुठं? गोळी संध्याकाळी घरी परतल्यावर घ्यायला सांगितली. महिन्याभरात बीपी जाग्यावर. गोळी का राहते ते कुठल्याच रिपोर्टात येत नाही. ते कळायला पेशंटची भाषा, त्याचं गाव, त्याचा बाजार माहीत असावा लागतो, आणि ते सगळं तुला जन्मापासून माहीत आहे. कन्नड मात्र नेटकं कर गे, कौन्सिलपासून पेशंटपर्यंत सगळीकडं लागणार.

आणि मनात कुठंतरी कायमचं परदेशी जायचं असेल तर आत्ताच कबूल कर, कारण वाट बदलते. अमेरिकेत वाढलेली आपली मराठी मुलं तिथल्या कॉलेजात जागा मिळाली नाही की कॅरिबियन बेटांवर, ग्रेनाडासारख्या ठिकाणी शिकतात आणि मग तीन वर्षांची फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी करून तिथंच बसतात. त्यांना ते जमतं, कारण त्यांना तिथंच राहायचंय. तुझ्यासाठी ती वाट नव्हे. शिवाय आपल्या कमिशनला २०२३ ला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची मान्यता मिळाली, त्यामुळं इथून एमबीबीएस केलेल्याला अमेरिकेच्या परीक्षांचं दार उघडंच आहे. आधी इथं शिकून मग जाता येतं. तिथून शिकून इथं येणं त्याहून अवघड.

युक्रेनच्या युद्धाचंही मनात ठेव. १ मार्च २०२२ ला खारकिव्हमध्ये आपल्याच राज्यातला, हावेरी जिल्ह्यातला मुलगा गेला, वैद्यकीयचाच विद्यार्थी. जे जिवंत परतले त्यांच्यातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एका वर्षाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप करावी लागली. देश निवडताना फी बघतात, तशी सीमाही बघावी, हे सीमाभागातल्या माणसाला मी काय सांगू!

इथल्या जागा सगळ्या धुंडाळल्यास का, हा माझा खरा संशय. पहिली ते दहावी गावातच शिकलीस ना? कर्नाटकात ग्रामीण भागात शिकलेल्यांना १५ टक्के आरक्षण आहे, दाखले वेळेत जमवावे लागतात. महाराष्ट्रात तिथल्या सीईटी सेलकडं सीमाभागातल्या, म्हणजे त्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी वैद्यकीयच्या मोजक्या जागा राखीव असतात. मोजक्याच, पण आपल्याकडच्या किती घरांत त्याचा अर्ज भरला जातो? माहितीपुस्तिका काढ आणि अटी ओळन् ओळ वाच. पुन्हा एक वर्ष नीट द्यायचं म्हटलं तरी सात वर्षांपुढं ते काहीच नाही.

पप्पांना सांग, घाई एजंटला आहे, आपल्याला नाही. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो. रविवारी स्कोअरकार्ड, शाळेचे दाखले आणि एजंटनं दिलेली ती चकचकीत पुस्तिका घेऊन दोघं या. त्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात खाटा किती, तिथली मुलं तिथं प्रॅक्टिस करतात का आणि तिथून परतलेले किती जण एफएमजीई पास झाले, हे तीन प्रश्न त्याला माझ्यासमोर फोन लावून विचारू. तोवर ॲडव्हान्स म्हणून एक रुपयासुद्धा देऊ नका.