थांबलेले शिक्षण आणि श्रेयांकांची पेढी

१९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले. मात्र निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची अनुमती मिळविली होती. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसा जोडून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. व १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. ही कथा आपण जिद्दीची म्हणून सांगतो. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हांस त्यातील अनुमतीही तितकीच मोलाची वाटते. परतीचे दार उघडे असेल, तरच जिद्दीला वाट मिळते.

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलांचे शिक्षण बहुधा बुद्धी कमी पडल्याने थांबत नाही. घरातील रोजगार तुटल्याने थांबते. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने दोन वर्षे उत्तीर्ण होऊन कॉलेज सोडले. काही वर्षांनी ती दुसरीकडे गेली, तेव्हा तिला प्रथम वर्षापासून आरंभ करण्यास सांगण्यात आले. तिची चार सत्रे जणू घडलीच नव्हती.

हा अन्याय कमी करण्याची सोय आता झाली आहे. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातील श्रेयांक घेऊन विद्यार्थी विद्यापीठात जातो. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही श्रेयांकांची पेढी स्थापिली. श्रेयांक म्हणजे अभ्यासाच्या श्रमाचे माप. साधारणतः पंधरा तासांच्या अध्यापनास एक श्रेयांक, प्रात्यक्षिकास तीस तासांना एक. वर्षाला किमान चाळीस, तीन वर्षांच्या पदवीस एकशे वीस. पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्यास प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते. त्यासाठी चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम अधिक करावा लागतो.

परंतु पेढीत खाते असले म्हणजे शिल्लक असतेच असे नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी व पालकांनी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

पहिली : डिजिलॉकरवरून खाते उघडून त्याचा बारा अंकी क्रमांक कॉलेजास द्यावा. श्रेयांक विद्यार्थी स्वतः भरू शकत नाही, संस्थाच भरते. दर सत्राच्या निकालानंतर नोंद झाली की नाही, हे पाहावे. नसेल तर लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.

दुसरी : पदवी अर्धी सोडल्यास तीन वर्षांत परतावे आणि एकूण सात वर्षांत ती पूर्ण करावी, अशी आयोगाची चौकट आहे.

तिसरी : श्रेयांक हा प्रवेशाचा हुकूम नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजातून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे वा अन्यत्र जावयाचे झाल्यास, कोणते विषय ग्राह्य धरले जातील हे आधीच लेखी विचारावे. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात, हेही विसरू नये.

काशीमीऱ्याच्या या शाळेतून जाणाऱ्या प्रत्येक मुलास आमचे सांगणे एवढेच : थांबावे लागले तर लाज बाळगू नका, पण निघताना आपली नोंद पाहा, मुदत लिहून ठेवा आणि परत या. बाबासाहेबही परतण्याची तजवीज करूनच निघाले होते.