वेधशाळेचा घुमट आणि मोटार

घरीं बांधलेल्या वेधशाळेंत सर्वांचें लक्ष दुर्बिणीकडे जातें. घुमटाकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. परंतु घुमटाची फट ताऱ्यासमोर आली नाहीं, तर भिंग कितीहि उत्तम असो, निरीक्षकास घुमटाची आंतली बाजूच दिसावयाची.

हा विषय आपल्या प्रांतास परका नाहीं. १८८८ सालीं पुण्यास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा स्थापन झाली. प्रो. कावसजी दादाभाई नायगांववाला तिचे चालक होते; तेथील ग्रब यांची २० इंची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. १९१२ सालीं ती वेधशाळा बंद होऊन दुर्बीण कोडाईकनालास गेली. आज जुन्नरजवळ गिरवली येथें आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे.

आतां काल्हेरच्या एखाद्या गच्चीवर ३ मीटर व्यासाचा घुमट आहे असें समजूं. फट ६० सेंटिमीटर रुंद असेल, तर पायथ्याशीं ती सुमारें २३ अंश व्यापते. चित्रा नक्षत्राचा तारा मध्यावर येतो तेव्हां त्याची दिशा तासाला सुमारें २९ अंश बदलते. म्हणजे तासाच्या आंतच घुमट सरकवावा लागतो. स्वातीची गोष्ट निराळीच. काल्हेरचा अक्षांश सुमारें सव्वाएकोणीस अंश आणि स्वातीची उत्तर क्रांति एकोणीस अंशांहून किंचित् अधिक, म्हणून ती येथें जवळजवळ थेट डोक्यावरून जाते. दहा मिनिटांपूर्वीं ती पूर्वेस, दहा मिनिटांनंतर पश्चिमेस! यासाठींच फट माथ्याच्या पलीकडे थोडी वाढवितात, म्हणजे अर्धा फेरा सवडीनें घेतां येतो.

मोटारीस बळ किती हवें? घुमटाच्या कडेला दोर बांधून स्प्रिंगच्या कांट्यानें ओढून पाहावें. ५ किलो वजनाइतक्या ओढीनें घुमट हलला, आणि पूर्ण फेरा ३ मिनिटांत हवा असला, तर प्रत्यक्ष कार्यास ३ वॅटहि लागत नाहींत! मात्र दांतेचक्रांत पुष्कळ शक्ति वाया जाते व आरंभीं ओढ अधिक लागते, म्हणून मोटार अनेक पटींनीं सबळ घ्यावी. कांटा २०-२५ किलो दाखवूं लागला, तर मोठी मोटार आणण्यापूर्वीं खालचीं चाकें तपासावीं. खाडीच्या खाऱ्या हवेनें तीं गंजतात. आमच्या मतें निम्मा दोष तेथेंच सांपडतो.

घुमटाच्या खालच्या कड्यास १० सेंटिमीटर व्यासाचें रबरी चाक टेकवावें. त्याचे ३० फेरे म्हणजे घुमटाचा एक फेरा. चाक मिनिटास १० वेळां फिरलें कीं ३ मिनिटांचा हिशोब जुळतो. घरीं केलेलें कडें पुरतें वाटोळें नसतेंच, म्हणून चाक बिजागरीवर बसवून स्प्रिंगनें दाबून ठेवावें. वाटेंत कांहीं अडकलें तर चाक घसरतें आणि मोटार जळत नाहीं, हा यांतील मोठा लाभ. पण घसरल्यामुळें संगणकाची फेऱ्यांची मोजणी चुकते. यास्तव कड्यावर एक लोहचुंबक लावून प्रत्येक फेऱ्यास गणना तेथून नव्यानें सुरू करावी.

अंधारांत चाक व कडें यांच्यामध्यें बोट सांपडूं नये म्हणून तेथें पत्र्याचें झांकण हवेंच. दमट गच्चीवर वीज १२ व्होल्टची, बॅटरीवरचीच बरी. आणि चाक हातानें दूर सारतां यावें अशी खुंटी ठेवावी. बॅटरी उतरली असतां पाऊस आला, तर घुमट हातानें फिरवून फट मिटतां आली पाहिजे.