खाचेवरून माप

कोल्हापूर

चि. सोनूस,


डेल्टाची जुनी युनिसॉ टेबल सॉ घेतलीस, उत्तम केलंस. १९३९ साली बाजारात आलेलं हे मॉडेल आजही लोक हौसेनं चालवतात, कारण ओतीव लोखंडाचं जड टेबल थरथर गिळून टाकतं. पण प्लग लावायची घाई करू नकोस. आधी मोटरची नावपट्टी वाच. ही यंत्रं पुष्कळदा शाळांतून आणि कारखान्यांतून निघालेली असतात, त्यामुळे मोटर थ्री-फेज असू शकते. तुमच्याकडे मिशिगनमध्ये घरात येते ती सिंगल-फेज वीज, १२० आणि २४० व्होल्टची. मोटर थ्री-फेज निघाली, तर व्हीएफडी (सिंगल-फेजवर थ्री-फेज मोटर चालवणारं उपकरण) बसव किंवा मोटर बदल. जोडणी मात्र लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घे. स्विचही पाहून घे. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल किती मोलाची होती ते मी पाहिलंय. वीज जाऊन परत आली तरी यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. साधा खटक्याचा स्विच असेल तर मॅग्नेटिक बसवून घे.

प्लग काढलेलाच ठेवून पुढचं काम कर. पातं उतरव आणि आर्बर, म्हणजे पात्याचा दांडा, हातानं फिरव. बेअरिंग खरखरत असेल किंवा आर्बर वर-खाली हलवल्यावर प्ले लागत असेल, तर बेअरिंग आधी बदल. खूप दिवस उभ्या यंत्राचे व्ही-बेल्ट पुलीवरच आकार धरून बसतात आणि मग मशीन हादरतं. तेही नवे घाल. टेबलावरचा गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरनं निघेल. गॅरेजचं दार मात्र उघडं ठेव, आणि तिथे गॅसचा वॉटर हीटर असेल तर रॉकेल आत नेऊच नकोस, हे काम बाहेर अंगणात कर. मग सिलिकॉन नसलेलं मेण चोळ. बर्फातून आलेली ओली गाडी शेजारी उभी राहिली की हिवाळ्यात गंज पुन्हा धरेल, म्हणून मेणाचा हात अधूनमधून फिरवत जा.

आता मुख्य गोष्ट. टेबलावर मायटर गेजची जी खाच आहे, तीच सगळ्या मापांचं मूळ समज. पातं खाचेला समांतर, फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची पट्टी) खाचेला समांतर. ओतकामाचे नमुने करणाऱ्या आमच्या पॅटर्न शॉपमध्ये आम्ही कास्टिंग आकसतं म्हणून मोजपट्टीसुद्धा वेगळी वापरायचो, पण कुठलंही माप एकाच कडेवरून घ्यायचं हा नियम कधी मोडला नाही. इथेही तेच.

पातं बसव, पूर्ण वर चढव आणि एका दातावर पेन्सिलीनं खूण कर. कॉम्बिनेशन गुण्याचं डोकं खाचेच्या भिंतीला टेकव आणि पट्टी त्या दाताला जेमतेम शिवेल इतकी पुढे सरकवून घट्ट कर. मग तोच दात हातानं फिरवून मागे ने, गुण्याही मागे सरकव. दात तोच घ्यायचा, म्हणजे पात्याचा वाकडेपणा मापात मिसळत नाही. फट राहिली तर फीलर गेजनं मोज. चार-पाच थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) आत असेल तर ठीक. जास्त असेल तर युनिसॉमध्ये पात्याची यंत्रणा कॅबिनेटला आणि टेबल वेगळं धरलेलं असतं, म्हणून टेबलच हलवायचं. एका कोपऱ्याचा बोल्ट जरा आवळलेला ठेव, बाकीचे सैल कर आणि लाकडी मोगरीनं टेबलाला हलके टोले दे. कोपऱ्यांखाली पातळ शिम सापडतील, त्या फेकू नकोस, ज्या त्या जागी परत ठेव. बोल्ट आवळताना टेबल थोडं सरकतंच, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोज. कंटाळा येईल, तरी मोज.

हे इतकं का सांगतोय? पात्याचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे वर उठत असतात. फेन्स मागच्या बाजूला पात्याकडे झुकलेली असेल, तर लाकूड मागच्या दातांवर दाबलं जातं, ते उचललं जातं आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकलं जातं. दहा इंची पातं मिनिटाला चार हजार फेरे घेतं, तेव्हा दाताचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. आमच्या शॉपमध्ये अशी सुटलेली सागवानी पट्टी समोरच्या प्लायच्या दारात घुसलेली मी पाहिलीय. जुन्या युनिसॉमध्ये पात्याबरोबर वर-खाली होणारी रायव्हिंग नाइफ नसते. कापलेली फट मिटू नये म्हणून पात्यामागे स्प्लिटर तरी हवाच. तो पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि कापाच्या रुंदीपेक्षा बारीक असावा. तो बसल्याशिवाय लाकूड चिरायला घेऊ नकोस, हे माझं तुला निक्षून सांगणं आहे.

उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, जरा डावीकडे. हातमोजे, ओढणी, बांगड्या, सैल बाह्या नकोत. फेन्सला टेकवून मायटर गेजनं तुकडा कापू नकोस, सुटा तुकडा मध्ये अडकून उडतो. पातळ पट्ट्या पुश स्टिकनंच ढकल. तुझी छोकरी गॅरेजच्या दारातून धावत येते असं तू म्हणालीस. मशीन चालू असताना दाराला आतून कडी, आणि काम संपलं की प्लग काढून ठेव. भुसाही हलक्यात घेऊ नकोस. लाकडाच्या धुळीनं कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलंय, तेव्हा चांगला मास्क आणि धूळ खेचायची सोय हवीच.

चिरायला २४ दातांचं पातं घे, आडव्या कापाला ६० चं. पहिले काप प्लायच्या सरळ तुकड्यांवर कर. एक तुकडा कापून उलटव आणि दोन्ही कापलेल्या कडा जोडून उजेडात धर. काटकोन चुकला असेल तर फट दुप्पट दिसते. सगळं जुळलं की पहिली वस्तू म्हणून आडव्या कापाची स्लेड (सरकती पाटी) कर. तिच्या खालच्या पट्ट्या खाचेत अजिबात न डुगडुगता सरकायला हव्यात, म्हणून त्यासाठी सुकलेला मेपल घे.

तुझा,
मामा