ग्रंथालयाचा संगणक

वस्तू विकत घेणे सोपे असते. ती घ्यावी की न घ्यावी हे ठरवणे मात्र अवघड असते. पैसा चार लोकांनी विश्वासाने दिलेला असला म्हणजे तर हा विचार अधिकच काळजीपूर्वक करावा लागतो.

एका गावात एक लहानसे सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याचा संगणक फार जुना झाला होता. तो विंडोज १० या प्रणालीवर चाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिच्या कंपनीने त्या प्रणालीला नेहमीचा आधार देणे थांबवले आणि नवी प्रणाली त्या जुन्या यंत्रावर चालेना. पुढे तर तो मधूनमधून आपोआप बंद पडू लागला. तेव्हा गावकऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी जमवली. दुकानदाराने हजार रुपये दिले, तर एका शेतमजूर बाईने आपल्या मजुरीतून पन्नास रुपये दिले.

कार्यकारी मंडळाची सभा भरली. एका तरुण सभासदाने सुचवले, “तळहातावर मावेल असा छोटा संगणक हल्ली मिळतो. तोच घेऊ या.” एका वृद्ध सभासदांना मात्र शंका आली. एवढ्याशा पेटीने ग्रंथालयाचे काम कसे व्हावे?

ही शंका स्वाभाविक होती. पण संगणकाच्या बाबतीत आकारावरून शक्तीची परीक्षा होत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक कार्य करू लागला. भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः घडवलेल्या या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची मुख्य स्मृती मात्र सुमारे दहा हजार बाइटांचीच होती. आज आठ जीबी स्मृतीच्या साध्या छोट्या संगणकात त्याच्या आठ लाख पटींहून अधिक माहिती मावते. २००५ साली अॅपल कंपनीचा ‘मॅक मिनी’ बाजारात आला. त्याची पेटी साडेसोळा सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि पाच सेंटिमीटर उंच होती. २०१२ साली ब्रिटनमध्ये मुलांच्या शिक्षणासाठी निघालेला ‘रास्पबेरी पाय’ तर बँकेच्या कार्डाएवढा होता. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण या यंत्रांना चांगलीच लागू पडते.

ही पेटी लहान का होते? तिच्यात बहुधा लॅपटॉपसारखा कमी वीज घेणारा प्रोसेसर असतो. कित्येक नमुन्यांत विजेचा अॅडॉप्टरही पेटीबाहेर ठेवलेला असतो. वीस वॅट वीज घेणारा संगणक पन्नास तास चालला, म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. परंतु लहानपणाबरोबर काही उणिवाही येतात. आतील जागा अपुरी असल्यामुळे उष्णता बाहेर पडण्यास वाट मोकळी ठेवावी लागते आणि पंख्यावर धूळ साचू देऊन चालत नाही. कित्येक नमुन्यांत स्मृती कायमची जोडलेली असते. ती मागाहून वाढवता येत नाही.

हे सर्व ऐकून ग्रंथपालबाई म्हणाल्या, “संगणक चांगला आहे, हे खरे. पण आपल्याला काय हवे आहे, ते आधी पाहू या.” त्यांनी कागदावर कामांची यादी केली. पुस्तकांची नोंद, देवघेवीचा हिशेब, पत्रव्यवहार आणि विद्यार्थ्यांचे अर्ज भरणे, एवढीच कामे होती. त्यांस साधा छोटा संगणक पुरेसा होता.

दुसरा प्रश्न लॅपटॉपचा निघाला. लॅपटॉप कोठेही नेता येतो आणि त्यात बॅटरी असते. ग्रंथालयाचा संगणक मात्र एकाच टेबलावर राहणार होता. तथापि पावसाळ्यात गावची वीज वारंवार जाते आणि छोट्या संगणकात सहसा बॅटरी नसते. चालू असलेली नोंद वाया जाऊ नये म्हणून त्याबरोबर यूपीएस घेणे भाग होते. शिवाय मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस पुष्कळदा वेगळे घ्यावे लागतात. हा खर्च न मोजल्यास चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला व्हायचा!

तेव्हा वृद्ध सभासद म्हणाले, “जुनाच संगणक सुधारून घेतला तर?” प्रश्न योग्य होता. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घातली, म्हणजे पुष्कळ जुनी यंत्रे पुन्हा नीट चालतात. तसे झाले तर नवे काहीच घेण्याचे कारण नव्हते. म्हणून तालुक्याच्या गावाहून कारागीर बोलावला. त्याने संगणक उघडून पाहिला. मदरबोर्डच बिघडला होता आणि तो भाग आता मिळत नव्हता. मॉनिटर व कीबोर्ड मात्र उत्तम स्थितीत होते.

आता निर्णय कठीण राहिला नाही. मंडळाने छोटा संगणक आणि यूपीएस घेण्याचे ठरवले. पुढे वाढवता येईल अशी स्मृती आहे ना, मुदतीत बिघाड झाल्यास दुरुस्ती कोठे होईल, हे दुकानदारास विचारून मगच पैसे दिले. एकंदर सव्वीस हजार रुपये लागले. उरलेल्या चार हजारांची मुलांसाठी पुस्तके घेतली.

वार्षिक सभेत ग्रंथपालबाईंनी सारा हिशेब वाचून दाखवला. संगणक का घेतला, लॅपटॉप का घेतला नाही, जुना का सुधारला नाही, हेही त्यांनी सांगितले. पन्नास रुपये देणारी बाई त्या सभेस आली होती. आपल्या पन्नास रुपयांचा विचार कोणी केला होता, हे तिला त्या दिवशी कळले.

स्वाध्याय

१. छोटा संगणक घेण्यापूर्वी मंडळाने कोणकोणत्या गोष्टींचा विचार केला?
२. मदरबोर्ड चांगला असता, तर मंडळाने कोणता निर्णय घेतला असता? का?
३. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ या म्हणीचा अर्थ सांगा.
४. तुमच्या घरी घ्यावयाच्या एखाद्या वस्तूविषयी अशीच प्रश्नांची यादी करा.