जुन्या सुरीचे पाणी

स्वयंपाकघरातील फळीच्या कोपऱ्यात पडून राहिलेली, पाठीवर काळपट गंज चढलेली आणि मुठीचे लाकूड सैल झालेली जुनी पोलादी सुरी ही मोडीत घालण्याजोगी वस्तू खचित नव्हे. न गंजणाऱ्या पोलादाची भांडी व हत्यारे घरोघर रूढ होण्यापूर्वीच्या अशा पुष्कळशा सुऱ्यांचे पाते साध्या कार्बनयुक्त पोलादाचे असे, आणि ते पोलाद ओलाव्याला भिणारे असले तरी निसण्यावर थोडक्या श्रमात अशी धार घेते की दोर कापण्यास, बांबूची कामटी तासण्यास किंवा मुक्कामाच्या जागी कांदा चिरण्यास त्याहून चांगले साधन सहसा मिळत नाही. सह्याद्रीत हिंडणारी तरुण मंडळी अलीकडे आजीच्या किंवा आईच्या सुरीला आखूड करून, नवी मूठ बसवून, भटकंतीसाठी तिचा उपयोग करू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. परंतु या कामात सुरीचा प्राण ज्यात असतो ती गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच ती पुष्कळदा पहिल्याच दिवशी नष्ट होते, हे अनुभवाने सांगणे मला अगत्याचे वाटते.

माझ्या आईच्या वापरातील एक लांब सुरी मी बाजारातील एका धार लावणाऱ्या दुकानात आखूड करण्यासाठी दिली होती. विजेच्या चाकावर तिचे टोक घासून, वर चकाकी देऊन दुकानदाराने ती परत केली तेव्हा ती नव्यासारखी झळकत होती. पुढे राजमाचीखालच्या उधेवाडीत मुक्कामाला असताना वाळक्या बांबूची कामटी तासू लागलो, तर टोकाकडची धार एका बाजूला वळून गेली. दगडावर लावली, पुन्हा वळली. परत आल्यावर ती एका वृद्ध लोहाराला दाखविली. त्याने काही न बोलता कानस घेतली आणि प्रथम मुठीजवळच्या धारेवर फिरविली; तेथे ती काचेवरून घसरावी तशी किणकिणत निसटली. मग टोकाशी फिरविली. तेथे कानशीचे दात रुतले आणि करड्या रंगाचा बारीक कीस त्याच्या तळहातावर पडला. "टोकाचं पाणी गेलंय, भाऊ. चाकावर जाळलीय कोणीतरी," एवढेच तो म्हणाला.

पाणी म्हणजे तापवून व थंड करून पोलादाला आणलेला कठीणपणा. पोलादाला लाल तापवून एकदम थंड केले म्हणजे ते कठीण पण ठिसूळ होते, आणि नंतर पुन्हा बेताने तापविल्यावर त्यातील ठिसूळपणा कमी होऊन त्याला चिवटपणा येतो. या दुसऱ्या तापविण्यात स्वच्छ पात्यावर क्रमाने रंग उमटतात: सुमारे २२० अंश सेल्सिअसला गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, पुढे जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. सुरीची धार फिकट पिवळ्या रंगाच्या मर्यादेत राखलेली असते. ती निळी झाली की तिचा कठीणपणा उतरला असे निश्चित समजावे, आणि तो नुसत्या थंड पाण्यात बुडवून परत येत नाही. चाकावर कोरडे घासताना पातळ टोक व धार यांना हा ताप येण्यास काही क्षण पुरतात. वरून चकाकी दिल्यावर रंग पुसला जातो, नुकसान मात्र आत कायम राहते; माझ्या सुरीच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

म्हणून प्रथम आपले पाते कोणत्या पोलादाचे आहे याची खातरजमा करावी. त्यासाठी लोहचुंबक निरुपयोगी, कारण न गंजणाऱ्या पोलादाच्या बहुतेक सुऱ्यांनाही ते चिकटते. पात्यावर लिंबाचा रस थोडा वेळ राहू द्यावा, काळसर डाग पडला तर पोलाद साधे आहे असे मानण्यास हरकत नाही. मग घासण्याचे काम शक्य तर हातानेच, पाणी घातलेल्या खरखरीत दगडावर करावे. वेळ लागतो, पण पाते सुरक्षित राहते. चाकच वापरायचे असेल तर डोळ्यांवर चष्मा हवा, हातात कापडी मोजे मात्र नकोत, कारण ते चाकात ओढले जातात आणि पाते तापल्याचे बोटांना कळत नाही. पाते दर दोन-तीन घासण्यांनंतर पाण्यात बुडवावे, आणि त्यावरचा पाण्याचा थेंब वाळू लागला की तेथेच थांबावे. थेंब चुरचुरेपर्यंत वाट पाहू नये.

आकार देताना धातू काढायचा तो पाठीकडून. पाठ उतरती करून टोक खाली धारेशी मिळविले म्हणजे मूळ धारेला हात लावावा लागत नाही. पुष्कळजण सुरी सडपातळ दिसावी म्हणून मुठीपुढची, खाली उतरलेली पात्याची टाच घासून टाकतात. हे मी सर्वांत धोक्याचे मानतो. ती टाचच बोटांना अडवून धरते. ती गेल्यावर ओल्या किंवा तेलकट हाताने जोर देताच मूठ सुटून बोटे सरळ धारेवर येतात. टाच काढणे भागच असेल तर नव्या मुठीच्या पुढच्या टोकाला खाली ठळक उंचवटा ठेवावा.

स्वयंपाकाच्या सुरीची धार फार निमुळती असते. रानातल्या कामासाठी ती प्रत्येक बाजूने सुमारे २० अंशांवर आणावी, म्हणजे लाकडाच्या गाठीवर तिचे तुकडे पडत नाहीत. तरीही जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पात्यावर दगड मारून लाकूड फोडणे हा त्या पात्यावर अन्याय आहे. कोकणातला शेतकरी कमरेच्या आकडीला कोयता अडकवतो तो याच कामासाठी, आणि ते काम कोयत्याकडेच राहू द्यावे.

मुठीसाठी शिसव किंवा बाभूळ उत्तम. पात्याचा मुठीत शिरणारा भाग अर्ध्यावरच संपत असेल तर अशा सुरीवर भिस्त ठेवू नये. लाकडाला जवसाचे तेल पाजावे, पण तेलाने भिजलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात फेकू नये, कारण ते तेल वाळताना उष्णता निर्माण होते व चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरूनच वाळवावी. म्यान चामड्याचे करणार असाल तर दोन्ही कडांच्या मध्ये चामड्याची एक पट्टी घालून मगच शिवावे, नाहीतर धार टाके कापते. घरी आल्यावर सुरी म्यानात राहू देऊ नये. चामड्यात दबलेली ओल पावसाळ्यात चार दिवसांत पाते खाते. ती पुसून, खोबरेलाचा हलका हात फिरवून, उघडीच ठेवावी.

एका कायदेशीर बाबीकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, वासोटा या आपल्या नेहमीच्या वाटा अभयारण्यांतून जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ३१ व्या कलमान्वये मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र घेऊन जाण्यास मनाई आहे, आणि त्या अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत सुऱ्यांचाही समावेश आहे. तेव्हा अशा ठिकाणी निघताना सुरी घरीच ठेवावी, किंवा वनखात्याकडून आधी लेखी परवानगी मिळवूनच ती न्यावी.